तिखटाने चरबी जळते का? एक जुना हिशोब



वर्षाचं तिखट करायचे दिवस आले की कोणीतरी म्हणतंच, "तिखट खाल्लं की चरबी जळते." आता तर मिरचीच्या अर्काच्या गोळ्याही विकायला आल्या आहेत. पैसे मोजण्याआधी या बोलण्याचा इतिहास पाहू या.

आपल्या उमरेडच्या पुढचं भिवापूर मिरचीसाठी नावाजलेलं. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण मिरची मुळात अमेरिका खंडातली. १६ व्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे आली. त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि सुंठीचा. 'मिरची' हे नावही 'मिरी'वरूनच पडलेलं.

मिरची तिखट कशाने लागते, याचा शोध युरोपात सुरू झाला. १८१६ मध्ये बुखोल्झ या जर्मन रसायनतज्ज्ञाने मिरचीतला तिखट अर्क वेगळा काढला. १८७६ मध्ये इंग्लंडच्या थ्रेशने त्यातला पदार्थ जवळजवळ शुद्ध रूपात मिळवून त्याला 'कॅप्सेसिन' नाव दिलं. चरबीशी त्याचा संबंध मात्र त्यानंतर शंभरेक वर्षांनी चर्चेत आला. १९८६ मध्ये जपानी संशोधक कावाडा आणि सहकाऱ्यांनी उंदरांना भरपूर चरबीचा आहार आणि सोबत कॅप्सेसिन दिलं. त्या उंदरांच्या पोटात चरबी कमी साठली. मुक्या जिवांवरचे असे प्रयोग वाचताना मन कचरतं, पण "चरबी जळते" या बोलण्याला शास्त्राचा आधार मिळाला तो इथूनच.

हे घडतं कसं? १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मज्जातंतूंवरचा एक ग्राहक शोधला. कडक उष्णतेने जो जागा होतो, तोच कॅप्सेसिननेही जागा होतो. म्हणजे मिरचीने जीभ भाजत नाही, भाजल्याचा निरोप तेवढा मेंदूला जातो. मग अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, घाम येतो, साठलेली चरबी थोडी सुटते आणि शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं.

म्हणजे बोलणं अगदीच खोटं नाही. प्रश्न आहे तो किती, याचा. नेदरलँड्समध्ये वजन उतरवलेल्या माणसांना तीन महिने रोज १३५ मिलिग्रॅम कॅप्सेसिन देऊन पाहिलं. २००३ मध्ये निकाल छापून आला: चरबी थोडी जास्त वापरली गेली, पण उतरलेलं वजन परत चढायचं काही थांबलं नाही.

आता माझ्या कॉमर्सच्या सवयीने आकडेमोड करते. एक ग्रॅम तिखटात साधारण दोन मिलिग्रॅम कॅप्सेसिन धरलं, तर १३५ मिलिग्रॅमसाठी रोज ६७ ग्रॅम तिखट पोटात जायला हवं. आपण भाजीला घालतो दोन-तीन ग्रॅम, तेही सगळ्या घराला मिळून. २०१२ च्या एका आढाव्यात अनेक प्रयोग एकत्र पाहून जादा खर्च दिवसाला सुमारे ५० कॅलरी निघाला. आपल्या तर्री-पोह्यांवर तरंगणारं तेल एक मोठा चमचा, म्हणजे १४ ग्रॅम धरा. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे झाल्या १२६. जमा १२६ आणि खर्च ५०! शिल्लक कुठे साठते, ते सांगायला नको.

म्हणून मिरची चवीला आणि रंगाला खावी. पोटात जळजळ होणाऱ्यांनी बेतानेच. वजनासाठी तिखटाचा हात सैल सोडण्यापेक्षा तेलाचा हात आखडलेला बरा. गोळ्यांच्या पैशात भिवापूरची मिरची घ्या. घराला वर्षभर पुरेल आणि शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतील.