खोगिराचे वारस

आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज शिंदे, होळकर वा गायकवाड यांच्या सैन्याबरोबर या मुलुखात येऊन स्थिरावले, त्यांच्या घरांत ‘जीन’ आणि ‘खोगीर’ हे शब्द अद्याप अगदीच परके झालेले नसावेत. घोडेस्वाराची बैठक तयार करणाऱ्या कारागिरांची जीनगर ही जातच आपल्याकडे होती. घोडदळाचे दिवस सरले, तसे त्यांच्यापैकी पुष्कळांनी पुस्तकबांधणी, चित्रकाम, धातुकाम असे दुसरे हस्तव्यवसाय पत्करले. इंग्लंडातही घोड्याचा जमाना ओसरताना हाच प्रश्न तेथील चर्मकारागिरांपुढे उभा राहिला. परंतु तेथे त्या विद्येला एक अनपेक्षित वारस मिळाला. तो म्हणजे सायकलची सीट. (मराठीत ‘बैठक’ किंवा ‘गादी’ म्हणता येईल, परंतु आपल्या तीन पिढ्या ‘सीट’च म्हणत आल्या आहेत, तेव्हा येथेही तोच शब्द वापरतो.)

घोड्याचे जीन आणि सायकलची सीट यांत वरवर साम्य असले तरी मूळ अडचण निराळी आहे. घोडेस्वाराचे पाय रिकिबीत स्थिर असतात. सायकलस्वाराचे पाय मात्र सतत वरखाली फिरतात, म्हणून सीट पुढच्या बाजूस मांड्यांच्या मधून जाईल इतकी अरुंद हवी. आणि शरीराचा भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर यावा, यासाठी ती मागे पुरेशी रुंद हवी. या दोन परस्परविरोधी मागण्यांची तडजोड करण्यात कारागिरांची दोनशे वर्षे गेली आहेत, आणि ती तडजोड अजूनही पूर्ण झालेली नाही.

इ. स. १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने आपले दुचाकी यंत्र रस्त्यावर आणले, तेव्हा हा प्रश्न फारसा जाणवला नाही. त्या यंत्राला पायडल नव्हते. स्वार जमिनीला पाय रेटून पुढे जात असे, त्यामुळे भाराचा काही वाटा पायच उचलत. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले आणि पाय जमिनीवरून सुटले. आता सारा भार सीटवर, चाके लाकडी, त्यांवर लोखंडी धाव आणि रस्ते दगडी! लांब पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर सीट बसवूनही इंग्रजांनी त्या वाहनाला हाडे खिळखिळी करणारे यंत्र असेच नाव दिले. त्यानंतरच्या उंच चाकाच्या सायकलीने हादरे थोडे कमी केले, पण पडण्याचे भय वाढवले.

बर्मिंगहॅमचा जॉन बोल्टबी ब्रूक्स हा या इतिहासातील मुख्य पुरुष. लेस्टरशायरमधील हिंकली गावचा हा तरुण बर्मिंगहॅमला आला आणि १८६६ मध्ये घोड्यांचे साज व चामड्याच्या वस्तू यांचा व्यवसाय करू लागला. पुढची हकीकत त्याच्या कंपनीच्या परंपरेत सांगितली जाते, ती अशी की, १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला. नवा घोडा घेणे परवडेना, म्हणून त्याने कामावर जाण्यासाठी कोणाची तरी सायकल उसनी घेतली; आणि तिची सीट इतकी त्रासदायक निघाली की आपणच काही करावे असे त्याच्या मनाने घेतले. कंपन्यांच्या अशा जन्मकथा ऐकताना थोडे सावध असावे हे खरे. मात्र १८८२ मध्ये त्याने सीटचे पेटंट मागितले ही कागदोपत्री गोष्ट आहे.

ब्रूक्सच्या पद्धतीच्या सीटचे मर्म भरणात नाही, ताणात आहे. जाड चामड्याचा एकच तुकडा मागे पोलादी कमानीला आणि पुढे नाकाशी रिव्हेटांनी ठोकलेला असतो. मध्ये खाली काहीच नसते. एखाद्या झोळीसारखे ते चामडे अधांतरी ताणलेले असते. नाकाखालचा नट फिरवला की सैल पडलेला ताण पुन्हा घट्ट होतो. नवी असताना ही सीट लाकडी पाटासारखी टणक लागते. काही शे मैल चालवल्यावर स्वाराच्या हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात, आणि मग ती सीट त्याच्या अंगाची होते. कोल्हापुरी वहाण चार दिवस चावते आणि मग पायाची होते, त्यातलाच हा प्रकार. कातडे भिजले आणि ओलेच वापरले तर मात्र ते बेढब ताणले जाते. पावसाळ्यात सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवण्याची आपली जुनी सवय त्यामुळेच शहाणपणाची होती.

याच सुमारास सायकलीचेही रूप पालटत होते. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर दिला. हादऱ्यांचे निम्मे दुखणे टायरने दूर केले. आता लक्ष सीटच्या आकाराकडे वळले आणि १८९० च्या दशकात नमुन्यांचा पूर आला. त्यांतला सर्वांत विलक्षण नमुना इंग्लंडात डर्सली येथे स्थायिक झालेल्या मिकाएल पेडरसन या डॅनिश यंत्रज्ञाचा. त्याने दोऱ्या विणून झोपाळ्यासारखी सीट केली, आणि ती टांगता यावी म्हणून बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची एक संपूर्ण नवी सायकल रचली! आधी आसन, मग वाहन, असा हा उलटा क्रम. प्रस्तुत लेखकास या गृहस्थाविषयी विशेष आदर वाटतो. शासकीय सेवेत नेमके याच्या विरुद्ध घडताना पाहिले आहे. तेथे खुर्ची आधी मंजूर होते आणि बसणाऱ्याने तिच्याप्रमाणे व्हायचे असते.

अमेरिकेत त्या दशकात ‘ख्रिस्टी’ नावाची सीट गाजली. धातूच्या पायावर दोन हाडांसाठी दोन निराळ्या गाद्या आणि मध्ये मोकळी जागा, अशी तिची रचना होती. तिच्या जाहिरातीत कमरेचा सांगाडाच सीटवर बसलेला दाखवीत. शेजारी तुलनेसाठी साध्या सीटवर बसलेला दुसरा सांगाडा. आजच्या दुकानदाराला हे धारिष्ट होणार नाही.

सांगाडा दाखवण्याची वेळ आली त्याचे कारण स्त्रिया सायकलवर बसू लागल्या होत्या. फ्रान्सेस विलर्ड या मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिले. वर्तमानपत्रांत आणि वैद्यकीय नियतकालिकांत स्त्रीच्या प्रकृतीला आणि शीलाला या सीटमुळे कोणता धोका आहे, यावर गंभीर चर्चा चालल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्ककडील डॉक्टर रॉबर्ट डिकिन्सन यांनी स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने या विषयावर लेख लिहिला. त्यांचा एकंदर कल सायकलीच्या बाजूने होता. काळजी चुकीच्या सीटची होती. मला या वादात एक गोष्ट खटकते. स्त्रीच्या कमरेची हाडे सामान्यतः पुरुषापेक्षा अधिक अंतरावर असतात, एवढे साधे सत्य जाहिरातवाल्यांनाही ठाऊक होते. तरीही नीतीची चर्चा जितक्या आवेशाने झाली तितक्या आवेशाने कोणी मापाची पट्टी हाती घेतली नाही. स्त्रियांच्या मापाच्या सायकली आणि सीटा हा अमेरिकेत स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला तो जॉर्जेना टेरी या अभियंता बाईंमुळे, आणि तोही १९८० च्या दशकात. आपल्याकडे ‘लेडीज सायकल’ आली ती दांडा खाली वळवून. आमच्या घरी आलेल्या अशा सायकलीवरून दोन बहिणी कॉलेजला गेल्या, आणि सीट टोचते हे बोलून दाखवणे त्या दोघींनाही अशिष्ट वाटत असे.

पुरुषांच्या तक्रारीची दखल घेतली जाण्यासही शंभर वर्षे लागली. १९९७ मध्ये बोस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सीटच्या नाकामुळे रक्तवाहिन्या व नसा दाबल्या जातात, हा मुद्दा जाहीरपणे मांडला आणि सायकलवाल्यांच्या जगात खळबळ उडाली. पुढे अमेरिकेच्या सरकारी व्यावसायिक आरोग्य संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटा दिल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, बधिरता मुळीच जाणवली नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. ज्या अवयवाविषयी चारचौघांत बोलायचे नाही त्याच्या दुखण्यावर संशोधनही उशिरा होते.

भारतात सायकली प्रथम इंग्लंडातून आल्या. रॅले, बी. एस. ए., हर्क्युलीस, हंबर ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीत घोड्यांच्या जातीप्रमाणे घेतली जात. १९४९ मध्ये मद्रासला ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो असे देशी कारखाने उभे राहिले. (अ‍ॅटलसचा ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला.) या काळ्या सायकलीची रुंद, मागे जाड स्प्रिंगांची सीट पुष्कळांना ओबडधोबड वाटते. परंतु तिच्यावर माणूस ताठ बसतो, म्हणजे जवळजवळ सारा भार मागे हाडांवर येतो. तेव्हा तिथे रुंदी आणि स्प्रिंग दोन्ही योग्यच आहेत. शर्यतीच्या सायकलीवर माणूस पुढे वाकतो, भार हातांवर व पायडलांवरही वाटला जातो, म्हणून तिची सीट अरुंद असते. घोटाळा होतो तो शर्यतीची अरुंद सीट ताठ बसणाऱ्याच्या सायकलीला लावल्याने, आणि गेली कित्येक वर्षे आपल्या बाजारात हेच चालले आहे. मग ग्राहक तीवर जाड स्पंजाचे आवरण चढवतो. हाडे स्पंजात रुततात, मधला भाग वर फुगतो आणि ज्या नाजूक जागेला दाब नको तिथेच तो बसतो. निरुपयोगी भरताडाला आपल्या पूर्वजांनी ‘खोगीरभरती’ हा शब्द दिला, तो अनुभवाने दिला असावा.

आपले माप घरीच काढता येते. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा टणक स्टुलावर ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसावे; उठल्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यांतील अंतर मोजावे. बहुतेकांचे ते १०० ते १५० मिलिमीटरच्या आत येते. सीट मागील बाजूस त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद असावी, ताठ बसणाऱ्याने आणखी थोडी अधिक घ्यावी. नाक प्रथम जमिनीशी समांतर ठेवून मगच अंशाअंशाने झुकवून पाहावे. धिप्पाड माणसाला मोठीच सीट लागते हा समज खरा नाही; हाडांचे अंतर अंगावरच्या मांसावरून ओळखता येत नाही.

ब्रूक्सचा कारखाना २००२ मध्ये इटलीच्या सेले रॉयल कंपनीने विकत घेतला, तरी चामड्याच्या सीटचा षोक करणारे लोक जगभर टिकून आहेत. त्यांच्यात एक रीत आहे. जुनी सायकल विकताना ते सीट काढून ठेवतात आणि नव्या सायकलीला तीच बसवतात. खरेदीदाराला दुसरी एखादी साधी सीट लावून देतात.