हा आपल्याकडे का आला? मो जॉन्स्टन आणि ग्लासगोचा संशय

१/ नामवंत खेळाडू क्लबमध्ये दाखल झाला की चाहत्यांच्या आनंदात एक शंका मिसळलेली असते : हा आपल्या क्लबसाठी आला की पैशासाठी? १९८९ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात या शंकेला धर्मभेदाची धार आली. त्याविषयीचा हा #थ्रेड.

२/ शहरात दोन मोठे क्लब. रेंजर्सची स्थापना १८७२ची, सेल्टिकची १८८७ची. पूर्व ग्लासगोतील गरिबांच्या, मुख्यतः आयरिश स्थलांतरितांच्या अन्नासाठी निधी उभारावा, या हेतूने ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूंनी सेल्टिक उभा केला. पुढे सेल्टिक कॅथलिकांचा आणि रेंजर्स प्रोटेस्टंटांचा, ही ओळख रूढ झाली.

३/ साधारण पहिल्या महायुद्धाच्या काळापासून रेंजर्समध्ये एक अलिखित दंडक चालत आला : कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही. अपवाद तुरळकच. १९८६ साली व्यवस्थापक झालेल्या ग्रॅम सूनेस यांना मात्र हा दंडक मान्य नव्हता.

४/ मो जॉन्स्टन ग्लासगोचाच, कॅथलिक, आणि सेल्टिकचा आघाडीचा खेळाडू. ऑक्टोबर १९८६मध्ये रेंजर्सविरुद्धच्या लीग कप अंतिम सामन्यात त्याला बाहेर काढण्यात आले. मैदान सोडताना त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. रेंजर्सचे चाहते ते दृश्य विसरले नाहीत.

५/ १९८७मध्ये तो फ्रान्सच्या नाँत क्लबकडे गेला. मे १९८९मध्ये सेल्टिकची जर्सी घालून तो पत्रकारांसमोर आला. घरवापसी ठरल्यासारखीच होती. पण व्यवहार पूर्ण झाला नाही आणि १० जुलै १९८९ रोजी त्याने करार केला तो रेंजर्सशी!

६/ सेल्टिकच्या चाहत्यांनी त्याला ‘जुडास’ ठरवले. रेंजर्सच्या काही चाहत्यांनी इब्रॉक्स मैदानाबाहेर आपले स्कार्फ जाळले. क्लबमध्येही किट सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने सुरुवातीला त्याची जर्सी मांडून ठेवण्यास नकार दिला.

७/ संशयाला आधार होता. जो दोन महिन्यांपूर्वी सेल्टिकच्या जर्सीत मिरवला, त्याच्या निष्ठेवर विश्वास कसा ठेवावा? चाहत्याला क्लब बहुधा घरातून, वडिलांकडून मिळतो. व्यावसायिक खेळाडूला तो करारातून मिळतो. एकाची निष्ठा दुसऱ्याच्या मापाने मोजली की फसवणुकीची भावना येणारच.

८/ परंतु संशयाची दुसरी बाजूही पाहावी लागते. पैशासाठी आलेले खेळाडू रेंजर्समध्ये आधीही होते. सूनेस यांनी इंग्लंडचे नामांकित खेळाडू मोठ्या रकमा मोजून आणले, तेव्हा कोणी स्कार्फ जाळले नव्हते. जॉन्स्टनच्या हेतूविषयीच्या प्रश्नाआड त्याच्या धर्माविषयीचा प्रश्न दडलेला होता.

९/ ४ नोव्हेंबर १९८९. इब्रॉक्सवर रेंजर्स विरुद्ध सेल्टिक. अखेरच्या काही मिनिटांत सामन्यातील एकमेव गोल झाला, तो जॉन्स्टनचा. ज्या प्रेक्षकांपैकी अनेकांना तो नको होता, तेच त्याच्या नावाने जल्लोष करत होते. त्या हंगामात रेंजर्सने लीग जिंकली.

१०/ १९९१मध्ये तो एव्हर्टनला गेला. तो रेंजर्समध्ये नेमका का आला, यावर ग्लासगोत आजही एकमत नाही. दंडक मात्र मोडला तो कायमचा. पुढे कॅथलिक असलेला इटालियन लोरेन्झो अमोरुसो रेंजर्सचा कर्णधार झाला. जॉन्स्टनचा हेतू काहीही असो, त्याच्या एका सहीने ही वाट मोकळी केली.