साडेपंधरा सेकंदांचा इतिहास

बारामतीहून इंदापुराकडे जातांना लासुर्णें गांव लागतें. नीरेच्या कालव्यावर पोसलेला हा बागाइती मुलूख. परंतु तीच नीरा ओलांडून नैर्ऋत्येस गेलें, फलटण मागें टाकलें आणि शंभुमहादेवाचे डोंगर चढले, कीं सातारा जिल्ह्यांतील माण तालुका येतो. अवर्षण तेथें पाहुण्यासारखें येत नाहीं, घरच्यासारखें राहतें. या तालुक्यांतील मोही गांवीं १९८९ सालीं एका शेतकरी कुटुंबांत ललिता बाबर यांचा जन्म झाला.

प्रथम त्या खोखोच्या मैदानावर दिसल्या. पुढें धांवण्याकडे वळल्या आणि रेल्वेच्या नोकरींत राहून त्यांनीं तो अभ्यास चालू ठेवला. मुंबई मॅरॅथॉनमध्यें, म्हणजे ४२ किलोमीटरांहून लांब शर्यतींत, भारतीय स्त्रियांत त्या सलग तीन वर्षें पहिल्या आल्या. तिसरा विजय जानेवारी २०१४ मधला. नांव झालें होतें, वाट ओळखीची होती. नेमक्या अशा वेळीं ललिताबाईंनीं मॅरॅथॉन बाजूस ठेवून ३००० मीटर स्टीपलचेसवर सर्व लक्ष केंद्रित केलें.

ही शर्यत मोठी कठीण. अडीच फूट उंचीचे अडथळे अठ्ठावीस वेळां ओलांडावयाचे. त्याखेरीज सात वेळां अडथळ्यापलीकडील बारा फूट लांबीच्या पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावयाची. हे अडथळे पाय लागला तरी पडत नाहींत; पडतो तो धांवणारा. स्त्रियांना हें झेपणार नाहीं, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९२८ च्या ऑलिंपिकमध्यें स्त्रिया ८०० मीटर धांवल्या, आणि लगेच ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवण्यांत आली. स्त्रियांची मॅरॅथॉन १९८४ सालीं आली, आणि स्टीपलचेस तर थेट २००८ सालीं.

भारतांत या शर्यतीचा पाया सुधा सिंग यांनीं घातला. २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत त्यांनीं ९ मिनिटें ५५.६७ सेकंदांत सुवर्णपदक मिळविलें. २०१४ सालीं इंचॉन येथें ललिताबाईंनीं ९ मिनिटें ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळवून सुधाबाईंचा राष्ट्रीय विक्रम मागें टाकला. प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या देखरेखीखालीं पुढील मजल सुरू झाली. २०१५ सालीं वुहान येथें आशियाई अजिंक्यपद. त्याच वर्षीं बीजिंगच्या जागतिक स्पर्धेंत ९ मिनिटें २७.८६ सेकंद आणि अंतिम शर्यतींत आठवें स्थान. एप्रिल २०१६ मध्यें दिल्लीस हा विक्रम आणखी थोडा सुधारला. पण पुढच्याच महिन्यांत शांघाय येथें सुधाबाईंनीं ९ मिनिटें २६.५५ सेकंदांची नोंद करून तो परत घेतला. अशी तोडीची प्रतिस्पर्धी लाभणें हें खेळाडूचें भाग्यच होय.

याचें उत्तर रिओ ऑलिंपिकमध्यें मिळालें. १३ ऑगस्ट २०१६ रोजीं प्राथमिक फेरींत ललिताबाई ९ मिनिटें १९.७६ सेकंदांत धांवल्या. इंचॉनपासून दोन वर्षांच्या आंत साडेपंधरा सेकंदांहून अधिक काळ त्यांनीं कापला होता. १९८४ सालीं पी. टी. उषा अंतिम शर्यतींत धांवल्या. त्यानंतर बत्तीस वर्षांनीं ऑलिंपिकच्या धांवपट्टीवरील अंतिम शर्यतींत पोंचलेली ही पहिली भारतीय स्त्री. १५ ऑगस्टच्या त्या अंतिम शर्यतींत बहारीनच्या रूथ जेबेट यांनीं सुवर्णपदक नेलें. ललिताबाई दहाव्या आल्या.

पदक हुकलें, एवढेंच वर्तमानपत्राच्या वाचकाच्या लक्षांत राहतें. इतिहासाचा हिशेब निराळा असतो. जगाच्या अंतिम शर्यतींत भारतीय स्त्री उभी राहूं शकते कीं नाहीं, हा प्रश्न बीजिंग आणि रिओ येथें कायमचा निकालांत निघाला. ललिताबाईंचा विक्रम सात वर्षें टिकला. २०२३ सालीं बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेंत पारुल चौधरी यांनीं ९ मिनिटें १५.३१ सेकंदांत तो मोडला, आणि तोही अंतिम शर्यतींतच. सुधाबाईंच्या विक्रमावर ललिताबाईंनीं पाय ठेवला, ललिताबाईंच्या विक्रमावर पारुलबाईंनीं. माणच्या माळावरून निघालेल्या या मुलीचें काम त्या दोन पायऱ्यांमधलें आहे, आणि तें पक्कें आहे.