विषाणूच्या मदतीने जनुक गप्प कसं करतात?

माणसाच्या पेशीत सुमारे २० हजार जनुकं प्रथिनं बनवण्याची माहिती बाळगून असतात. त्यातलं एखादं नेमकं काय करतं, हे शोधायचं तर ते बंद करून काय बिघडतं ते पाहायचं. बोलायला सोपं, करायला अवघड.

वाट सापडली ती एका सूक्ष्म कृमीत. दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत गेला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवलं. २००६ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. २००१ मध्ये थॉमस टुशल यांच्या गटाने माणसाच्या पेशींतही हे जमवलं. मात्र बाहेरून दिलेला आरएनए पेशींचं विभाजन होत गेलं की विरळ होतो आणि काही दिवसांत परिणाम ओसरतो.

इथे विषाणू कामाला येतो. सर्वाधिक वापर होतो तो लेंटीव्हायरसचा, म्हणजे एचआयव्हीच्याच कुळातल्या विषाणूचा. घाबरू नका, त्यातली रोग पसरवणारी जनुकं काढून टाकलेली असतात. उरलेले आवश्यक भाग वेगवेगळ्या डीएनए वर्तुळांवर ठेवतात, त्यामुळे तयार झालेला विषाणू पेशीत एकदा शिरतो, पण पुढे स्वतःची पिल्लावळ वाढवू शकत नाही. तो आपला माल पेशीच्या डीएनएत कायमचा जोडतो. तिथून केसाच्या पिनेसारखा वळलेला छोटा आरएनए बनत राहतो. पेशीतलं डायसर नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि त्या तुकड्याच्या आधारे लक्ष्य जनुकाचा निरोप्या आरएनए हुडकून कापला जातो. जनुक जागेवरच राहतं, फक्त त्याचा निरोप पोहोचत नाही. म्हणून याला जनुक ‘काढणं’ म्हणणं चूक आहे. थोडंफार प्रथिन बनतच राहतं.

याचं उत्तम उदाहरण सिकलसेलचं. विदर्भात आणि नंदुरबार भागात हा आजार अनेक घरांना ठाऊक आहे. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते जन्मानंतर बंद होत जातं. २००८ मध्ये बोस्टनच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने मानवी पेशींत बीसीएल११ए हे जनुक दाबलं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढलं. बंद करणाऱ्यालाच बंद केलं! पुढे हीच युक्ती लेंटीव्हायरसमार्फत रुग्णांच्या मूळ पेशींवर वापरली गेली, तीही तांबड्या पेशी बनतानाच चालेल अशी, कारण इतर पेशींना या जनुकाची गरज असते. २०२१ मध्ये सहा रुग्णांचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेत मात्र एका निकालावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. छोटा आरएनए चुकून दुसऱ्याच जनुकालाही गप्प करू शकतो. म्हणून एकाच जनुकावर दोन-तीन वेगळे आरएनए वापरतात, शेजारी कशाशीच न जुळणारा निरर्थक आरएनए दिलेल्या पेशी ठेवतात आणि प्रथिन खरंच घटलं का तेही मोजतात. विषाणूचा माल डीएनएत कुठे जाऊन बसेल हे ठरवता येत नाही, हा धोका वेगळाच. पॅरिसच्या एका जुन्या जनुकोपचारात, दुसऱ्या प्रकारच्या रेट्रोव्हायरसमुळे, काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यानंतर विषाणूंची रचना बरीच बदलली गेली.