कंसातली गोगलगाय

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझ्या टेबलापुढची खुर्ची रिकामी राहत नाही. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीनं बासष्ट संदर्भांची यादी पुढे ठेवली. तिच्या गाईडनी चौदावा संदर्भ काढायला सांगितला होता. तो काढल्यावर पंधराव्याचा चौदावा झाला, सोळाव्याचा पंधरावा, आणि मजकुरातले आकडे होते तिथेच राहिले. रात्रभर बसून ती ते जुळवत होती. "सर, त्या हार्वर्डमध्ये असं होत नाही ना? तिथं नुसतं नाव आणि वर्ष. मग हार्वर्डवाल्यांना सुचलं ते आपल्याकडच्या डॉक्टरांना का नाही?"

आकडे आम्ही सॉफ्टवेअरमध्ये घालून तासाभरात लावले. तिचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. त्याचं उत्तर शोधत ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या, म्हणजे बीएमजेच्या, १९८८च्या बांधीव खंडापर्यंत गेलो. तिथं एली चेर्निन यांचा दोन पानांचा लेख सापडला आणि त्या दोन पानांत निघाली एक गोगलगाय.

तीही बिनशंखाची, शेतकरी जिला शेंबी म्हणतात ती. लीमॅक्स कॅम्पेस्ट्रिस हे तिचं तेव्हाचं नाव. एडवर्ड लॉरेन्स मार्क हे हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ. या शेंबीचं अंडं कसं परिपक्व होतं, फलन कसं होतं, एका पेशीच्या दोन आणि दोनाच्या चार कशा होतात, यावर त्यांनी साडेचारशे पानांचा निबंध लिहिला. हार्वर्डच्याच म्युझियम ऑफ कंपॅरेटिव्ह झूलॉजीच्या बुलेटिनमध्ये तो १८८१ साली छापून आला. त्याच्या १९४व्या पानावर लेखकाचं नाव आणि वर्ष कंसात घालून संदर्भ दिला आहे. चेर्निन यांच्या मते आज हार्वर्ड पद्धत म्हणतात तिचा हा पहिला छापील नमुना. आपली म्हण सांगते, गोगलगाय नि पोटात पाय. प्राणिशास्त्रानं या साऱ्या वर्गाला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थही 'पोट हाच पाय' असाच आहे, आणि आज जगभरचे प्रबंध त्याच पायावर चालत आहेत.

मला सगळ्यात आवडते ती त्या पानाच्या तळटीपेतली मार्क यांची समजूत. नावापाठचा आकडा दोन कामं करतो, असं ते सांगतात. वाचकाला शेवटच्या यादीकडे नेतो, आणि ते काम साधारण कधीचं आहे हे जागेवरच कळवतो. यातलं दुसरं काम मोलाचं. १८७०चं दशक म्हणजे फलनाच्या अभ्यासाची धावपळ. ऑस्कर हर्टविग यांनी १८७६मध्ये सी अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येताना दाखवली. हर्मान फोल यांनी १८७९मध्ये शुक्राणू अंड्यात शिरताना पाहिल्याचं सविस्तर छापलं. कुणी काय आधी पाहिलं यावर सगळा विषय उभा होता. अशा निबंधात 'संदर्भ १७' लिहिलं तर वाचकाला काहीच कळत नाही. 'हर्टविग, १८७६' लिहिलं की वादातली त्याची जागा तिथल्या तिथे दिसते. वर्ष हा इथं पुराव्याचाच भाग आहे.

आता नावाचा वाद. सर्वत्र सांगतात ती गोष्ट अशी, की कुणी एक इंग्रज पाहुणा हार्वर्डच्या ग्रंथालयात गेला, तिथली संदर्भांची रीत त्याला फार आवडली आणि मायदेशी परतून त्यानं तिला 'हार्वर्ड पद्धत' म्हणायला सुरुवात केली. या पाहुण्याला नाव नाही. तरी मला ही गोष्ट निम्मी खरी वाटते, कारण हे नाव खरोखरच इंग्रजांच्या बाजूचं आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं हार्वर्ड म्हणतात, तर अमेरिकन लेखनपुस्तिका त्याच रीतीला नुसतं 'लेखक-वर्ष' म्हणतात. घरच्या माणसाला घराचं नाव सांगावं लागत नाही. पण पाहुण्याच्या गोष्टीतून बारसं कळतं, जन्म कळत नाही.

जन्माबद्दल दोन दावे मांडता येतात. पहिला असा, की मार्क यांनी ही रीत म्युझियमच्या ग्रंथालयातल्या सूचीवरून उचलली. ग्रंथपाल म्हणून मला हा दावा खरा ठरला तर हवाच आहे. मार्क त्या इमारतीत रोज वावरत होते, त्यामुळे तो फेटाळून टाकण्यासारखाही नाही. पण सूचीचं कार्ड पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते सांगतं. मार्क यांची टीप फळीबद्दल बोलतच नाही, ती वाचकाशी काळाबद्दल बोलते.

दुसरा दावा माझा आहे. नाव आणि वर्ष ही जोडी मार्क यांच्या हाताला प्राणिशास्त्रानंच लावली. प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे ते प्रथम देणाऱ्याचं नाव लिहायची रीत त्यांच्याआधीची, आणि पुढे वर्षही लागू लागलं. त्या शेंबीचंच घ्या. आज तिला डेरोसेरास लीव्ही (म्यूलर, १७७४) या जातीत धरतात. म्यूलर यांनी १७७४मध्ये ती लीमॅक्स या प्रजातीत घातली होती, पुढे प्रजाती बदलली म्हणून त्यांचं नाव आणि वर्ष कंसात गेलं. प्राणिशास्त्रातला नियमच तसा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ कंस वापरतात, वर्ष मात्र लावत नाहीत. म्हणजे कंस, नाव आणि वर्ष या तिन्ही गोष्टी एकत्र नांदल्या त्या प्राणिशास्त्राच्या घरात, आणि ही संदर्भपद्धतही उगवली ती त्याच घरात, एका शेंबीच्या निमित्तानं. हा योगायोग आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. माझ्या मते मार्क यांनी प्राण्याच्या नावापुढची शेपटी उचलून विधानाच्या पुढे लावली.

त्या मुलीच्या आकड्यांची कथा थोडक्यात सांगता येते. जानेवारी १९७८मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि १९७९मध्ये त्यांचे समान नियम छापले गेले. संदर्भांचा साचा त्यांनी घेतला तो अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनकडून. त्याच ग्रंथालयाच्या जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९मध्ये इंडेक्स मेडिकस सुरू केलं होतं, आणि त्याच वाटेवर पुढे मेडलाइन आणि पबमेड आलं. म्हणजे ग्रंथपालांचा हात शोधायचाच तर तो व्हँकुव्हरमध्ये आहे. 'बीएमजे १९८८;२९७:१०६२-३' एवढ्या ओळीत वर्ष, खंड आणि पानं बसतात, एकही अक्षर वाया जात नाही. औषधाच्या एका वाक्याला सहा आधार द्यायचे असतील तर सहा नावं आणि सहा वर्षं मध्ये घातल्यावर डोस शोधावा लागेल. डॉक्टरांना आकडे सोयीचे वाटतात ते म्हणूनच, हे मी तिला नंतर सांगितलं.

राहिले चेर्निन. हार्वर्डमधल्या ट्रॉपिकल पब्लिक हेल्थच्या या प्राध्यापकांना एका शेंबीवरच्या जुन्या निबंधात रस असावा याचं मला आधी नवल वाटलं. मग त्यांचे स्वतःचे निबंध काढून पाहिले आणि खुर्चीतून उठलोच. त्यांचा विषयच गोगलगायी होता! शिस्टोसोमा हा परजीवी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून शरीरात शिरतो. चेर्निन त्या गोगलगायींवर काम करत. या परजीवीमुळे होणारा रोग आपल्यापासून तितका दूरही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात तो आढळल्याचं गाडगीळ आणि शहा यांनी १९५२मध्ये मांडलं, आणि तिथंही चौकशी शेवटी एका चिमुकल्या गोगलगायीपाशीच गेली. आमच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आजही तो संदर्भ मागतात.

गोगलगायीचं हृदय शरीराबाहेर काढून धडधडत ठेवता येईल असं क्षारांचं द्रावण चेर्निन यांनी बसवलं होतं. गोगलगायीच्या पेशी हाताळणाऱ्या प्रयोगशाळा ते अजून वापरतात आणि कृतीच्या परिच्छेदात त्याच्यापुढे लिहितात: (चेर्निन, १९६३).