साठा कशाचा करायचा?

मंदीची चर्चा सुरू झाली की घरी रसायनांचे प्रयोग करणारे माझे मित्र हमखास विचारतात, "महाग व्हायच्या आधी कोणत्या बाटल्या घेऊन ठेवू?" माझं उत्तर जुन्या कलकत्त्यातल्या एका गच्चीवर आहे.

साल 1892. प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे प्रफुल्लचंद्र राय अप्पर सर्क्युलर रोडवरच्या 91 नंबरच्या भाड्याच्या घरात औषधं बनवायला लागले. भांडवल जेमतेम 700 रुपये. त्यांना हवं होतं सोडियम फॉस्फेट. कच्चा माल? खाटकांकडची हाडं! ती गच्चीवर वाळत टाकली. मग काय, कावळे जमले, शेजारी वैतागले. शेवटी हाडं दुसरीकडे नेऊन जाळली. त्या राखेवर गंधकाम्ल, मग सोडा, की फॉस्फेट तयार. (तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर हे करू नका हं!)

1901 मध्ये या घरगुती उद्योगाची लिमिटेड कंपनी झाली: बंगाल केमिकल. 1914 ला महायुद्ध पेटलं आणि विलायती औषधांची आवक आटली. ज्यांच्याकडे नुसता साठा होता, त्यांचा माल कधीतरी संपणारच होता. ज्यांना हाडांपासून फॉस्फेट करता येत होतं, त्यांचं काम उलट वाढलं.

म्हणून मी मित्रांना सांगतो, बाटल्या घ्या, पण मोजक्याच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा जोर कपाटात ठेवल्या ठेवल्या जातो. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू खडूसारखा होतो. प्रयोगाची वही मात्र टिकते. काय कशापासून बनतं, ते तिच्यात लिहीत जा. खरा साठा तोच.

भेटू पुढच्या भागात!