कुत्र्याचा खोकला : एका चुकलेल्या निदानाचा इतिहास

१/ मुंबईत १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी १८८८ मध्ये श्वानरोगांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र खोकला, ताप व मृत्यू घेऊन येणाऱ्या डिस्टेंपरचे मूळ तेव्हा अज्ञातच होते.

२/ १९०५ मध्ये फ्रान्सच्या आंरी कारे यांनी त्याचे कारण विषाणू असल्याचे दाखवले. पुढे १९१० च्या सुमारास आजारी कुत्र्यांच्या श्वासमार्गात एक जीवाणू सापडला आणि सारा दोष त्याच्या माथी गेला.

३/ १९२६ मध्ये इंग्लंडच्या लेडलॉ व डंकिन यांनी कारे यांचाच निष्कर्ष सिद्ध केला. तो जीवाणू, म्हणजे आजचा बोर्डेटेला, ‘केनेल कफ’चे एक कारण ठरला. खोकला एकच, रोग दोन.

४/ हृदयविकारानेही कुत्रा खोकतो. म्हणून केवळ आवाजावरून निदान करू नये. रेडीसारख्या गावातही धाप, निळसर जीभ, रक्त, ताप किंवा अन्नत्याग दिसताच त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. पिल्लू खोकत असेल तर वाटच पाहू नये.